टेबलावरचा संगणक वारंवार सुरू होत नाही: सोलापुरातील वाचकांचे नेहमीचे प्रश्न

सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून संगणकाबद्दल जे प्रश्न सतत येतात, त्यांतले बरेचसे एकाच तक्रारीचे असतात: संगणक काल नीट चालत होता आणि आज सुरू होत नाही, किंवा रोज सकाळी अडतो आणि मग कसाबसा सुरू होतो. ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एकच मुद्दा दोन ठिकाणी लागतो, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पुष्कळ जण ज्या पेटीला सीपीयू म्हणतात, तिला येथे कॅबिनेट म्हटले आहे आणि आतल्या मुख्य चिपला प्रोसेसर. कॅबिनेट उघडण्यापूर्वी वीजवायर भिंतीच्या सॉकेटमधून काढून ठेवावी, ही सूचना पुढच्या सर्व उत्तरांना लागू आहे.

१. संगणक "सुरू होत नाही" एवढेच मला सांगता येते. नेमके काय पाहू?

संगणक सुरू होण्याचा एक ठरलेला क्रम असतो. प्रथम एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, कामाला लागतो आणि आपले व्होल्टेज स्थिर झाल्याचा संकेत मदरबोर्डला, म्हणजे सर्व भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डाला, देतो. तो संकेत मिळाल्यावरच प्रोसेसर चालू होतो आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, वाचू लागतो. बायोस रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) व डिस्प्ले तपासतो, मग डिस्क शोधतो आणि शेवटी कारभार विंडोजच्या हाती देतो. या साखळीत गाडी कोठे थांबते, हे कळले की दोषाचे अर्धे उत्तर मिळालेले असते, आणि त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही.

बटण दाबल्यावर दिवा किंवा पंखा यांपैकी काहीच हालले नाही, तर प्रश्न २ पासून वाचावे. पंखा फिरून लगेच थांबत असेल तर प्रश्न ७, पंखे फिरत राहूनही स्क्रीन काळी असेल तर प्रश्न ५, मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह दिसून पुढे इंग्रजी संदेश येत असेल तर प्रश्न १३ आणि १४, आणि विंडोजचे चक्र फिरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत असेल तर प्रश्न १५ पाहावा. जे दिसते त्याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवावा, कारण दुरुस्तीच्या टेबलावर दोष हजर राहीलच असे नाही. अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. ती महाग आहे, आणि मूळ कारण तसेच राहिले तर नवा भागही जातो.

२. बटण दाबले तरी काहीच होत नाही. दुकानात नेण्याआधी काय तपासावे?

प्रथम वीज खरोखर कॅबिनेटपर्यंत पोहोचते का ते पाहावे. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून कॅबिनेटची वायर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावी आणि त्याच सॉकेटवर आधी टेबललॅम्प चालवून पाहावा. अनेक वर्षे वापरलेल्या एक्स्टेंशन बोर्डातील पितळी पट्ट्या सैल होतात. मोबाइलच्या चार्जरला त्या पुरतात, पण संगणकाला लागणारा प्रवाह मागितला की ठिणगी पडून संपर्क तुटतो. एसएमपीएसच्या मागे छोटा खटका असल्यास तो साफसफाईत चुकून बंद झालेला नाही ना, तेही पाहावे.

त्यानंतर वायर काढून समोरचे बटण १५ ते २० सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला विद्युतभार निघून जातो, आणि पुन्हा वायर लावून प्रयत्न करावा. वीज चढउताराने अडकलेला एसएमपीएस पुष्कळदा एवढ्यानेच मोकळा होतो. तरीही काही घडले नाही, तर कॅबिनेटची बाजू उघडून, वायर लावल्यावर मदरबोर्डवरचा छोटा दिवा लागतो का ते हात न लावता पाहावे. सर्वच बोर्डांवर तो नसतो. तो लागत असेल तर एसएमपीएसचा सतत चालू असणारा ५ व्होल्टचा पुरवठा शाबूत आहे आणि संशय समोरच्या बटणावर जातो. अशा वेळी त्याच जागी रीसेट बटणाची जोडणी लावून पाहता येते. रीसेटने संगणक सुरू झाला, तर बिघाड काही रुपयांच्या बटणाचा आहे.

३. एसएमपीएस गेला आहे की मदरबोर्ड, हे कसे ओळखायचे?

मल्टिमीटर वापरण्याचा सराव असलेल्यांनीच हे करावे. एसएमपीएसची सर्व जोडणी मदरबोर्डवरून काढावी. वायर भिंतीत नसताना २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधील हिरवी वायर शेजारच्या कोणत्याही काळ्या वायरीशी पेपरक्लिपने जोडावी आणि मग वीज द्यावी. पंखा फिरला तर एसएमपीएस जागा होतो आहे. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी वायरीवर ३.१४ ते ३.४६ व्होल्ट असावेत. जांभळी वायर संगणक बंद असतानाही ५ व्होल्टच्या आसपास दाखवते. सर्व वायरी काळ्या असलेल्या एसएमपीएसमध्ये रंगाऐवजी पिनची जागा पाहावी लागते, आणि काही ब्रँडेड संगणकांत कनेक्टरच वेगळा असतो. त्यांच्यावर ही चाचणी करू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला ठरत नाही. भाराशिवाय १२ व्होल्ट दाखवणारा डबा प्रोसेसरचा भार पडताच १० वर घसरू शकतो, म्हणून खात्रीचा उपाय म्हणजे चांगल्या स्थितीतला दुसरा एसएमपीएस लावून पाहणे. मात्र डबा स्वतः कधीही उघडू नये. २३० व्होल्टची वीज त्यात एकाच दिशेची (डीसी) केली जाते तेव्हा आतील मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, ३०० व्होल्टहून अधिक दाब साठतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ तसाच राहू शकतो.

४. सकाळी तीन-चार वेळा बटण दाबावे लागते, मग दिवसभर संगणक उत्तम चालतो. हे चालू द्यावे का?

चालू देऊ नये. संगणक एकदाचा सुरू झाला की लोक हे लक्षण विसरतात, आणि दोष महिनोन्‌महिने वाढत राहतो.

याचे बहुतेक वेळा आढळणारे कारण म्हणजे एसएमपीएसमधील किंवा मदरबोर्डवरील जुने झालेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्यातील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतो आणि अंतर्गत रोध वाढतो. थंड असताना हा रोध आणखी जास्त असतो, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात व्होल्टेज स्थिर होत नाही आणि प्रश्न १ मध्ये सांगितलेला संकेत मदरबोर्डला मिळत नाही. दोन-तीन प्रयत्नांत कपॅसिटर किंचित तापतात, रोध कमी होतो आणि संगणक सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत ही तक्रार वाढते ती यामुळेच. पण तिची पेरणी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात झालेली असते. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य निम्म्यावर येते, हा इलेक्ट्रॉनिक्समधील सर्वमान्य ठोकताळा आहे.

मदरबोर्डवर प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या नळकांड्यांचा माथा सपाट असायला हवा. तो फुगलेला असेल, किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसत असेल, तर निदान पक्के झाले. माथा सपाट असूनही कपॅसिटर निकामी असू शकतो, म्हणून प्रथम दुसऱ्या एसएमपीएसने, तोही सकाळी थंड असतानाच, संगणक सुरू करून पाहावा. दुपारी घेतलेली चाचणी या दोषात काहीच सांगत नाही. दुरुस्ती होईपर्यंत रोज संध्याकाळी कामाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

५. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच राहते. मदरबोर्ड गेला का?

बहुधा नाही. आधी मॉनिटर तपासावा: कॅबिनेटकडून त्याला येणारी चित्राची केबल काढल्यावर "नो सिग्नल" असा संदेश आला तर मॉनिटर जिवंत आहे. कॅबिनेटमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या वरच्या पोर्टमध्ये नव्हे, कार्डाच्या पोर्टमध्ये हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी एफ हे अक्षर असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते. अशा संगणकात मदरबोर्डच्या पोर्टवर चित्र कधीच येणार नाही.

यानंतर रॅम. सोलापूरच्या धुळीत या तक्रारीचे सर्वाधिक आढळणारे कारण रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवरचा मळ हेच आहे. वायर काढून, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज सोडावी आणि रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या उघडून ती काढावी. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा मऊ खोडरबराने हलकेच पुसाव्यात, खोडरबराचा चुरा पूर्ण झटकावा आणि चिमट्या "टक्" आवाजाने बसेपर्यंत रॅम दाबावी. दोन रॅम असतील तर एकेक करून प्रत्येक खाचेत पाहावे. चार खाचांच्या बोर्डात एकच रॅम लावायची असल्यास बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरी खाच योग्य असते. डीडीआर५ रॅम नवी बसवली असेल तर पहिल्या वेळी बोर्ड तिची जुळणी करण्यात काही मिनिटे घेतो. त्या वेळात घाबरून वीज बंद करू नये.

६. बीपच्या आवाजांचा अर्थ काय?

अर्थ बायोस कोणत्या कंपनीचा आहे यावर ठरतो, म्हणून एकच तक्ता सर्वांना लावता येत नाही. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप डिस्प्लेचा दोष सांगतात. थांबून थांबून पुन्हा पुन्हा येणारे लांब बीप पुष्कळ बोर्डांवर रॅमचे असतात. नव्या बोर्डांवर स्पीकरऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, त्या टप्प्यावर काम अडलेले आहे.

७. संगणक दोन सेकंद चालू होतो, बंद पडतो आणि पुन्हा आपोआप चालू होतो. थांबतच नाही. असे का?

किती वेळाने बंद पडतो, हे घड्याळ लावून पाहावे. समोरचे बटण सुमारे ४ सेकंद दाबून धरले की संगणक सक्तीने बंद होतो. म्हणून दर वेळी चार-पाच सेकंदांनीच तो बंद पडत असेल, तर बटण मळाने आत अडकले आहे का ते आधी पाहावे. बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून, त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून संगणक सुरू करता येतो. तो तसा चालत राहिला तर शोध संपला. ज्यांना त्या पिना खात्रीने ओळखता येत नाहीत, त्यांनी हे जाणकाराकडून करून घ्यावे.

बंद पडण्याची वेळ याहून कमी असेल, तर बहुधा एसएमपीएस स्वतःला वाचवत आहे, म्हणजे कोठेतरी वीज भलत्या वाटेने जाते आहे. प्रोसेसरजवळच्या ४ किंवा ८ पिनांच्या वेगळ्या कनेक्टरची जोडणी, मदरबोर्डखाली पडलेला स्क्रू आणि मागच्या यूएसबी पोर्टमधील वाकलेली पट्टी या तीन गोष्टी येथे प्रथम तपासाव्यात. त्यांतून काही निघाले नाही तर प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच ठेवून बाकी सर्व काढावे. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्यास ग्राफिक्स कार्डही ठेवावे. संगणक या स्थितीत टिकला, तर एकेक भाग जोडत जावे. ज्या भागानंतर चक्र पुन्हा सुरू होते, तो भाग दोषी. हे काम सावकाश करावे लागते, पण निष्कर्ष पक्का निघतो.

८. आमचा संगणक यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसमध्ये आहे. वर्षातून अनेकदा तो सुरू व्हायचा थांबतो. जागा बदलणे शक्य नाही. काय करावे?

अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतून आणि शहराच्या पूर्व भागातून हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याला सविस्तर उत्तर देणे योग्य ठरेल. चादरी आणि टॉवेल विणताना सुताचे जे बारीक तंतू उडतात, ते साध्या रस्त्याच्या धुळीसारखे वागत नाहीत. धूळ पृष्ठभागावर बसते. तंतू एकमेकांत गुंततात आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये घोंगडीसारखा थर तयार करतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही, पण खालच्या पात्यांतून हवा जातच नाही. मग प्रोसेसर तापून स्वतःला बंद करतो, आणि थंड होईपर्यंत पुन्हा सुरू होण्याचा प्रयत्न मध्येच सोडून देतो. एसएमपीएसच्या आतही हाच थर बसतो, आणि तेथे तो प्रश्न ४ मधील कपॅसिटरचे आयुष्य खातो.

साफसफाईसाठी प्रोसेसरचा पंखा पात्यांवरून सोडवून वेगळा करावा, कारण थर त्याच्या खाली असतो. ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवावा. हवेच्या झोताने तो बेफाम फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. कारखान्यातील काँप्रेसरची हवा वापरू नये, अथवा वापरण्यापूर्वी टाकीतील पाणी काढून टाकावे, कारण त्या हवेबरोबर पाणी आणि तेल येते, आणि तेलकट बोर्डावर तंतू आणखी घट्ट चिकटतात. पाती पूर्ण काढली असतील तर प्रोसेसरवरची, उष्णता पात्यांकडे नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय ती परत बसवू नयेत.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. तंतू खालीच जास्त साठतात. हवा आत घेणाऱ्या जाळीवर बारीक जाळीचा फिल्टर बसवला तर उपयोग होतो, पण तो दर आठवड्याला झटकण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर हवी. न झटकलेला फिल्टर नसलेल्या फिल्टरपेक्षा वाईट, कारण तो हवाच अडवतो. कॅबिनेटवर कापड झाकून संगणक चालू ठेवण्याची सवय मात्र आजच सोडावी.

कारखान्यात विजेचाही प्रश्न असतो. मागांच्या मोटारी सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात आणि त्याच फेजवरच्या ऑफिसचे व्होल्टेज खाली येते. पाळी सुरू होण्याच्या वेळीच संगणक रीस्टार्ट होत असेल, तर ऑफिसला मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन घेणे हा कायमचा उपाय आहे. यूपीएसने हा दोष झाकला जातो, जात नाही.

९. मे महिन्यात दुपारीच संगणक बंद पडतो आणि लगेच सुरू होत नाही. संध्याकाळी होतो.

खोलीचे तापमान ४० अंशांच्या पुढे असेल तर कॅबिनेटमधील हवा त्याहूनही तापलेली असते, आणि पंखा तीच हवा प्रोसेसरवर मारतो. पाती स्वच्छ असतील तर चांगल्या स्थितीतला संगणक एवढे सहन करतो. म्हणून उन्हाळ्याला दोष देण्याआधी प्रश्न ८ प्रमाणे साफसफाई करावी आणि पेस्ट बदलावी. पत्र्याच्या खोलीत संगणक पश्चिमेच्या भिंतीपासून दूर हलवल्यानेही फरक पडतो.

१०. वीज गेली आणि परत आल्यावर संगणक सुरूच झाला नाही. आता?

वीज परत येतानाचा क्षण जाण्याच्या क्षणापेक्षा जास्त धोक्याचा असतो. परिसरातील सर्व पंप, फ्रीज आणि मोटारी एकाच वेळी सुरू होतात आणि व्होल्टेज काही काळ वरखाली होते. म्हणून वीज गेली की संगणकाचे भिंतीवरचे बटण बंद करावे आणि वीज आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबूनच सुरू करावे.

आता जो संगणक सुरू होत नाही, त्यावर प्रथम प्रश्न २ मधील १५ ते २० सेकंदांचा उपाय करावा. एसएमपीएसजवळ जळका वास येत असेल तर पुन्हा वीज देऊन पाहू नये. संगणक सुरू होतो पण विंडोज येत नाही, अशी स्थिती असेल तर फाइलींची मांडणी बिघडलेली असू शकते. त्यासाठी प्रश्न १५ आहे.

११. यूपीएस असूनही हे का घडते?

घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी असते. आपल्या उष्णतेत ती दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकल्याचे वीज गेल्याशिवाय कळत नाही. दर महिन्याला काम जतन करून यूपीएसची भिंतीकडील वायर काढून पाहावी. संगणक लगेच बंद झाला तर बॅटरी बदलायची वेळ आली आहे. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये, कारण कागद तापवताना तो शेकडो वॅट ओढतो आणि त्या क्षणी यूपीएस संगणकासकट बंद पडतो.

घराच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्यांनी इन्व्हर्टरचा खटका यूपीएस मोडवर आहे ना ते पाहावे. चांगला एसएमपीएस पूर्ण भार असताना साधारण १६ मिलिसेकंदांचा खंड सोसतो; साध्या मोडमध्ये बदल होण्यास याहून जास्त वेळ लागतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. शिवाय ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची लहर सुधारणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर चालत नाहीत. थेट भिंतीवर चालणारा संगणक यूपीएसवर सुरूच होत नसेल, तर शुद्ध साइन लहरीचा यूपीएस घ्यावा लागतो.

१२. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. याचा सुरू न होण्याशी संबंध आहे का?

संबंध असो वा नसो, हा दोष आधी दूर करावा. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले फिल्टर कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही बाजूंनी कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगले असेल तर तेथून येणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. त्यातून जाणारा प्रवाह अत्यल्प असला, तरी एसएमपीएसमध्ये खरा शॉर्ट झाला त्या दिवशी अर्थिंग नसणे जिवावर बेतू शकते. मॉनिटर किंवा प्रिंटरची केबल चालू स्थितीत लावताना याच दाबाने पोर्टही जळतात.

तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावलेली असेल तर ती पद्धत बंद करावी. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला तिसरे भोक असते, पण मागे वायरच नसते. मुरमाड जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, म्हणून त्यात वेळोवेळी पाणी घालावे लागते. तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

१३. दर वेळी तारीख मागे जाते आणि संगणक "एफ१ दाबा" असे सांगून थांबतो.

मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपला आहे. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि स्वस्त असतो. मात्र सेल संपल्याने बायोसमधील नोंदीही पुसल्या गेलेल्या असू शकतात, त्यामुळे नवा सेल टाकल्यावर तारीख लावून डिस्कचा मोड आणि बूटची पद्धत पूर्वीप्रमाणे आहे का ते पाहावे. न पाहिल्यास पुढच्या प्रश्नातील संदेश येऊ शकतो, आणि लोकांना वाटते की सेल बदलताना डिस्क गेली.

१४. "बूट डिव्हाइस सापडत नाही" अशा अर्थाचा संदेश येतो. हार्ड डिस्क गेली का?

प्रथम सर्व पेनड्राइव्ह काढावेत. नंतर बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. बहुतेक बोर्डांवर त्यासाठी संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबावे लागते.

नाव दिसत असेल तर डिस्क किमान बोलते आहे, आणि दोष बहुधा नोंदींचा आहे. बूटचा क्रम बदललेला असतो, किंवा यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने टाकलेले विंडोज लेगसी या जुन्या पद्धतीने शोधले जात असते. एएचसीआय आणि रेड या डिस्कच्या दोन मोडांची अदलाबदल झाली असेल तर विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन येते. मोड पूर्ववत केला की ते पुन्हा चालते, विंडोज नव्याने टाकावे लागत नाही. नाव दिसत नसेल तर डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून दुसऱ्या पोर्टला लावावी.

हार्ड डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर प्रयत्न तेथेच थांबवावेत. दर वेळी वीज दिल्याने आतील पृष्ठभाग ओरखडण्याची शक्यता वाढते. पुढे प्रश्न १७ पाहावा.

१५. विंडोज "ऑटोमॅटिक रिपेअर" मध्येच फिरत राहते. फॉरमॅट करावे लागेल का?

लगेच नाही. विंडोज सलग दोन-तीन वेळा सुरू होऊ शकले नाही की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तेथे ट्रबलशूट आणि मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये स्टार्टअप रिपेअर, अलीकडचे अपडेट काढणे, सिस्टिम रिस्टोअर आणि सेफ मोड हे मार्ग याच क्रमाने वापरून पाहावेत. सेफ मोडमध्ये संगणक नीट चालत असेल, तर दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा अँटिव्हायरसचा असण्याची शक्यता मोठी आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच निळ्या स्क्रीनमध्ये अडकले होते. त्यांतले हार्डवेअर पूर्णपणे ठीक होते. एक फाइल काढल्यावर संगणक सुरू झाले.

डिस्कवरील चुका तपासणारी चेकडिस्क ही आज्ञा देण्यापूर्वी थोडे थांबावे. डिस्क आधीच आजारी असेल तर तासन्‌तास चालणारी ही तपासणी तिला संपवू शकते. आधी डेटा काढावा, मग दुरुस्ती.

१६. संगणक अचानक बिटलॉकरची ४८ अंकी की मागतो. मी तर कधी लॉक लावले नव्हते.

काही नव्या संगणकांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने डिस्क आपोआप कूटबद्ध होते, म्हणजे योग्य की दिल्याशिवाय ती वाचता येत नाही. बायोस बदलले, मदरबोर्ड बदलला किंवा सुरक्षा चिपच्या नोंदी पुसल्या गेल्या, तर ही की मागितली जाते. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात प्रवेश करून संगणकाच्या नावाखाली ती शोधावी. संगणक मुलाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या खात्याने प्रथम सुरू केला असेल तर ती त्यांच्या खात्यात असते. की कोठेच नसेल तर डेटा परत मिळत नाही, आणि ती "तोडून देतो" असे कोणी सांगत असल्यास पैसे देऊ नयेत.

१७. दुकानाचा सगळा टॅलीचा डेटा आत आहे. संगणक सुरू न होता तो काढता येईल का?

डिस्क ठीक असेल तर येतो, आणि मदरबोर्ड किंवा एसएमपीएस जळला तरी येतो. डिस्क काढून यूएसबी-साटा अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक कंपनीसाठी आकडी नावाचा स्वतंत्र फोल्डर असतो. तो पूर्ण फोल्डर उचलावा, आतील सुट्या फाइली नव्हेत. दुसऱ्या संगणकाने "फॉरमॅट करायचे का" असे विचारले तर नाही म्हणावे. डिस्क कूटबद्ध असेल तर प्रश्न १६ मधील की येथेही लागेल.

दुरुस्तीला संगणक देताना "डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी सांगणे पुरेसे नसते, कारण संगणक घेणारा आणि दुरुस्त करणारा माणूस पुष्कळदा वेगळा असतो.

१८. संगणक जुना आहे. दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

एसएमपीएस, रॅम, सेल किंवा डिस्क एवढाच दोष असेल तर दुरुस्ती करावी. हे भाग बाजारात सहज मिळतात. मदरबोर्ड गेला असेल तर वय पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या प्रोसेसरसाठी वापरलेला मदरबोर्ड शोधत बसणे मला योग्य वाटत नाही, कारण त्या बोर्डावरचे कपॅसिटरही तेवढेच जुने असतात. केवळ टायपिंग आणि इंटरनेट हवे असेल तर चालू स्थितीतल्या जुन्या यंत्रावर लिनक्स टाकता येते.

१९. दुरुस्तीच्या दुकानात संगणक तासन्‌तास चालतो, घरी आणला की सुरू होत नाही. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. दुकानात फक्त कॅबिनेट जाते. वीज, एक्स्टेंशन बोर्ड, कीबोर्ड, माउस, प्रिंटर, मॉनिटर आणि त्यांच्या केबल घरीच राहतात. म्हणजे जे भाग तपासलेच गेले नाहीत, त्यांतच दोष असण्याची शक्यता आहे. घरी फक्त वीजवायर लावून संगणक सुरू करावा, पंखा आणि दिवे पाहावेत, मग मॉनिटर, मग कीबोर्ड अशा क्रमाने एकेक जोडावे. आतून शॉर्ट झालेला माउस किंवा पेनड्राइव्ह बोर्डाचा ५ व्होल्टचा पुरवठा खाली ओढतो आणि संगणक बायोसपर्यंतही पोहोचत नाही. काही वेळा बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असल्यामुळे बायोस तिच्यावरच विंडोज शोधत राहतो.

दुसरी शक्यता प्रवासाची. रिक्षात किंवा दुचाकीवर आडवे नेलेले कॅबिनेट खड्ड्यांत आदळते, रॅम किंवा जड ग्राफिक्स कार्ड खाचेतून किंचित सरकते, आणि दुकानात जाताना याच धक्क्याने सैल भाग तात्पुरता बसलेलाही असू शकतो. कॅबिनेट उभे धरून न्यावे, आणि घरी आल्यावर सुरू करण्यापूर्वी रॅम व कार्ड दाबून पाहावे.

एवढे करूनही घरी चालत नसेल, तर तोच संगणक शेजाऱ्यांच्या घरी थेट सॉकेटवर लावून पाहावा. तेथे चालला तर आपल्या घराच्या वायरिंगची तपासणी करून घ्यावी. रात्री सर्व दिवे एकदम मंद होत असतील तर व्होल्टेजची तक्रार महावितरणकडे नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. शेजाऱ्यांकडेही चालला नाही, तर तो दुकानात परत नेताना या वेळी मॉनिटरच्या केबलसह सर्व जोडण्या बरोबर न्याव्यात आणि प्रश्न १ मध्ये सांगितलेला व्हिडिओ तेथे दाखवावा.